विहिरीतली बुडी आणि मालवणचं प्रवाळ

पूर्णा जंक्शनला नांदेड–पनवेल गाडी धरायची, पनवेलहून कोकण रेल्वेनं कुडाळ आणि तिथून मालवण. स्कूबा डाइव्हिंग करून समुद्राखालचं प्रवाळ बघायचा हा बेत सोपा आहे. अवघड आहेत ते सोबत नेलेले समज.

पोहता येत नाही म्हणून स्कूबा जमणार नाही, हा त्यातला पहिला. मालवण-तारकर्लीला नवख्यांना थोड्या खोलीवर, प्रशिक्षकाच्या हाताखालीच नेतात. त्यासाठी पोहणं यायलाच हवं असं नाही. खरी सावधगिरी विहिरीत सूर मारून तळ गाठणाऱ्यांनी बाळगायची आहे. श्वास कोंडून धरायची त्यांची सवय इथे घातक ठरते. दहा मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरलेली हवा वर येताना फुगते आणि श्वास रोखलेला असेल तर फुप्फुस फाटू शकतं. म्हणून श्वास सतत चालू ठेवायचा, हा स्कूबाचा पहिला नियम.

पाठीवरच्या सिलिंडरमध्ये शुद्ध ऑक्सिजन असतो, हाही असाच चुकीचा समज. साधी हवाच गाळून, दाबाखाली भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषारी ठरू लागतो. सर्दी झालेली असताना उतरू नये, कानातला दाब सुटत नाही. दमा किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघूच नये.

प्रवाळ म्हणजे दगड, हा समज मात्र सगळ्यांत नुकसानकारक आहे. ती सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे. त्यांच्या शरीरात राहणारी शैवालं अन्न पुरवतात, रंगही बहुतांशी त्यांचाच. पाणी फार तापलं की शैवालं निघून जातात आणि प्रवाळ पांढरं पडतं. पांढरं पडलं म्हणजे मेलंच असं नाही; पाणी वेळेत निवलं तर ते सावरतं. पण पायातल्या फिनचा एक फटका बसला तर मोडलेला तुकडा भरून यायला वर्षं जातात, कारण गोलाकार प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं. मंगळासाठी अंगठीत घालतात ते लाल पोवळं इथल्या प्रवाळ-खडकांतलं नव्हे. ते प्रामुख्यानं भूमध्य समुद्रातल्या वेगळ्या जातीचं. इथला तुकडा खिशात घालणं हा गुन्हा आहे. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे.

अभयारण्य म्हणजे प्रवेशबंदी, असंही काहींना वाटतं. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, आणि सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगडाचा परिसर त्यातच येतो. जाता येतं, पण माशांना पाव-बिस्किटं टाकायची नाहीत. त्यानं त्यांचं खाणं बिघडतं आणि खडकावरचं शेवाळ वाढत राहतं.

पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. नद्यांचा गाळ बसला की, दिवाळीनंतर, पाणी चांगलं दिसू लागतं.

परतीचं नियोजनही आधीच करावं. एका डाइव्हनंतर विमानात बसायला किमान बारा तास, अनेक डाइव्हनंतर अठरा तास थांबतात. हीच काळजी उंच घाट चढतानाही घ्यायची; आंबोली घाट सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. गाडीनं तो चढून येणार असाल तर डाइव्ह पहिल्या दिवशी ठेवा आणि निघण्याची वेळ प्रशिक्षकाला विचारून ठरवा.