एकशे नवव्या मूलद्रव्याचं बारसं

सोनं, तांबं, लोखंड ही मूलद्रव्यं आपल्या घरातलीच. आज आम्ही सांगणार आहोत ते खाणीत मिळत नाही, बनवावं लागतं. १९८२ साली जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या प्रयोगशाळेत बिस्मथ धातूवर लोखंडाच्या अणूंचा मारा केला, तेव्हा त्याचा एकच अणू तयार झाला. पापणी लवायच्या आत तो नाहीसाही झाला!

बारशाआधी आपण लेकराला नुसतं ‘बाळ’ म्हणतो ना, तसं याला नुसत्या आकड्यावरून ‘उन्निलेनियम’ म्हणत. म्हणजे एक-शून्य-नऊ. १९९७ मध्ये नाव पक्कं झालं, मायटनेरियम. लीझ मायटनर या बाईंवरून.

लीझबाई १८७८ साली व्हिएन्नात जन्मल्या, भौतिकशास्त्रात डॉक्टर झाल्या आणि १९०७ साली बर्लिनला गेल्या. तिथल्या रसायनशाळेत बायकांना मज्जाव. तळघरातल्या जुन्या सुतारखोलीत काम करायचं, वर पाऊल टाकायचं नाही. शौचालयासाठीसुद्धा रस्त्यावरचं हॉटेल गाठायचं. (हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.) ओटो हान यांच्यासोबत त्यांनी तीस वर्षं संशोधन केलं. जन्माने ज्यू, म्हणून १९३८ मध्ये हिटलरच्या जर्मनीतून पळावं लागलं. अणू फुटतो कसा, याचा उलगडा त्यांनी परदेशात बसून, भाच्याबरोबर केला. नोबेल मात्र एकट्या हान यांना मिळालं.

१०५व्या मूलद्रव्याला हान यांचं नाव सुचवलं होतं, ते टिकलं नाही. लीझबाईंचं टिकलं. क्युरियम हे नाव मेरी क्युरी आणि त्यांचे पती या दोघांचं. पुराणातल्या देवी सोडल्या, तर एकट्या बाईचं नाव असलेलं मूलद्रव्य हे एवढंच.

हे नाव देशोदेशी फिरताना प्रत्येक भाषेने आपल्या जिभेला वळवून घेतलंय. जर्मन उच्चार ‘मायटनर’, म्हणून आम्हीही ‘मायटनेरियम’ म्हणतो. इंग्रजी अक्षरं बघून कुणी ‘मेइटनेरियम’ वाचेल. जपानीत ‘माइतोनेरिउमु’. चिनी लोकांनी एक नवं अक्षरच घडवलं: धातूची खूण आणि शेजारी गहू! त्यांच्याकडे गव्हाला ‘माय’ म्हणतात, नावाची सुरुवात तेवढ्यात साधली. पोलिश भाषेत तर मागचं ‘इयम’ही नाही, नुसतं आडनाव.

शाळेत आवर्तसारणीचा तक्ता लावलेला असेल, तर मुलींना १०९ क्रमांकाचं घर शोधायला सांगा. भाषा कोणतीही असो, चिन्ह एकच, एमटी.