भरती नाही, मग धावतोस कशाला?

माघ वद्य नवमी ही तानाजी मालुसऱ्यांची पुण्यतिथी. पोलादपूरपासून आत उमरठला त्यांची समाधी आहे, तिथे त्या दिवशी गर्दी होते. गर्दी म्हटली की सरकारी दवाखान्याचं पथक लागतंच. दोन-तीन वर्षांपूर्वी ती ड्युटी माझ्याकडे आली. नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून आम्ही फटफटायच्या आधीच निघालो. गावाच्या अलीकडच्या चढावर ॲम्ब्युलन्सच्या उजेडात सात-आठ पोरं धावताना दिसली. त्यात दोघी मुली होत्या, ओढण्या कमरेला बांधलेल्या. एकाच्या हातात मोबाइलचा टॉर्च. आणि सगळ्यांच्या मागे, धापा टाकत, पस्तिशी उलटलेला, पोट सुटलेला एक माणूस.

"भरतीची पोरं आहेत," ड्रायव्हर म्हणाला. मग त्या शेवटच्याकडे बघून, "पण हा कशाला धावतोय?"

आमच्या महाड-पोलादपूर भागात धावायला एकच कारण सर्वमान्य आहे, ते म्हणजे भरती. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावं लागतं, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. सगळे मिळून 50 गुण. अग्निवीर व्हायचं तर पुन्हा 1.6 किलोमीटर. ज्या घरातले दोन-तीन पुरुष मुंबईला चाकरीला आणि मागे म्हातारी माणसं, भातशेती आणि चार महिन्यांचा धो धो पाऊस, त्या घरातल्या पोराला गणवेश म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. तो पहाटे चारला उठतो. त्याला कुणी आरोग्याचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही.

अडचण अशी की या कारणाला मुदत असते. पोलीस शिपायासाठी खुल्या प्रवर्गाला वयाची अट 28 वर्षं, मागासवर्गीयांना 33. अग्निवीरसाठी तर त्याहूनही कमी. झालं, मग बंद. भरती झालेलाही बहुतेक वेळा थांबतो आणि न झालेलाही. पहिला म्हणतो, "मॅडम, लागलो ना आता, कशाला धावू?" दुसरा काहीच म्हणत नाही. दोघेही दहा-पंधरा वर्षांनी माझ्या ओपीडीत येतात. एकाला रात्रपाळ्या आणि गाडीवरचा वडापाव भोवलेला असतो, दुसऱ्याला बहुधा तंबाखू. बीपी दोघांचंही वरच.

शरीर जुन्या मेहनतीचा हिशेब फार दिवस ठेवत नाही. सराव थांबला की दोन-तीन आठवड्यांतच दमसास उतरायला लागतो. विशीत धावलेल्या सोळाशे मीटरची शिल्लक चाळिशीत काढता येत नाही. 2014 मध्ये अमेरिकेतल्या पंचावन्न हजारांहून अधिक प्रौढांचा, सरासरी पंधरा वर्षं पाठपुरावा केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. धावणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने व पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंचं सुमारे 45 टक्क्यांनी कमी आढळलं. दिवसाला पाच-दहा मिनिटं, तेही संथ धावणाऱ्यांनाही फायदा दिसला. आणि सर्वांत जास्त फायदा कुणाला, तर जे वर्षानुवर्षं धावत राहिले त्यांना. असा अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करत नाही, मुळात धडधाकट माणसंच धावत असतील अशी शंका राहतेच. तरी आकडा इतका मोठा आहे की मी तो पेशंटना सांगते.

सांगते, आणि काही होत नाही. "रोज अर्धा तास चाला, जमलं तर हळूहळू धावा" हे वाक्य मी पंचवीस वर्षं केसपेपरवर लिहिते आहे. त्यातले किती जण खरंच निघाले, हे मोजायला मला हाताची बोटं पुरतील. गोळी लोक घेतात, कारण ती त्यांची होते. चालणं शेवटपर्यंत 'डॉक्टरांनी सांगितलेलं' राहतं. म्हणून हल्ली मी उलटा प्रश्न विचारते. शाळेत धावायचात का? कशासाठी? कधी सोडलं? याला दोन मिनिटं लागतात, रांग कुरकुरते, पण त्यातून कधी कधी काहीतरी हाती लागतं.

बायकांचं कारण तर आणखी अवघड. आमच्याकडे बाईमाणूस विनाकारण धावत नाही. बारामतीच्या लता भगवान करे यांची गोष्ट बऱ्याच वाचकांना आठवत असेल. नवऱ्याच्या एमआरआयला पैसे नव्हते म्हणून साठी ओलांडलेली ही शेतमजूर बाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी, ज्येष्ठांच्या तीन किलोमीटर शर्यतीत उतरली आणि पहिली आली. बक्षीस पाच हजार रुपये. पुढे त्यांच्यावर मराठी चित्रपट निघाला. त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. मला त्या गोष्टीत चटका लावणारा भाग वेगळा आहे. पायांत एवढं बळ होतं, ते दिसायला घरात एवढं मोठं संकट यावं लागलं. त्या नंतरच्या वर्षांतही शर्यतीत उतरत राहिल्या, हे मात्र अनेकांना ठाऊक नसतं.

माझं स्वतःचं कारण सांगायला थोडा संकोच वाटतो. 2021 च्या जुलैत महाडला पूर आला. 22 तारखेला तळियेवर डोंगर आला आणि त्याच रात्री पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी आणि केवनाळ्यालाही दरड कोसळली. उमरठचाच हा शेजार. त्या आठवड्यात आम्ही जे पाहिलं ते इथे लिहिणार नाही. पाऊस सरला, चिखल वाळला, आणि मला रात्री तीन वाजता जाग यायला लागली. रोज. झोपेची गोळी दुसऱ्यांना किती सहज लिहून देतो आपण, पण स्वतः घ्यायची वेळ आली तेव्हा हात अडला. पडून छताकडे बघण्यापेक्षा बरं म्हणून ऑक्टोबरात पाच वाजता चालायला निघाले. एके दिवशी पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंत धावले. मग दोन खांब.

पंजाबी ड्रेस, कॅनव्हासचे बूट, वय पन्नाशीच्या पुढे. पहिल्या आठवड्यात दूधवाल्याने गाडी थांबवून विचारलं, "मॅडम, कुठं इमर्जन्सी आहे का? सोडू?" दुसऱ्याने घरी फोन केला. मी विनाकारण धावते आहे हे गावाच्या गळी उतरायला तीन महिने लागले.

सुरुवात झोपेसाठी होती. झोप दोनेक महिन्यांत बरीचशी परत आली, म्हणजे कारण संपलं. तरी मी धावत राहिले, कारण तोवर दुसरंच काही सापडलं होतं. त्या अर्ध्या तासात मला कुणी काही विचारत नाही. सही मागत नाही, रेफर करू का म्हणत नाही. घरातही कुणी हाक मारत नाही.

यामागे थोडं रसायनशास्त्रही आहे. धावल्यावर वाटणाऱ्या हुशारीचं श्रेय आपण एंडॉर्फिनला देतो. पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूभोवतीची चाळणी सहजी ओलांडत नाही, त्यामुळे संशोधकांचं लक्ष आता एंडोकॅनाबिनॉइड या शरीरातच तयार होणाऱ्या द्रव्यांकडे अधिक आहे. त्यांपैकी एकाचं नाव ॲनँडमाइड. 1992 मध्ये जेरुसलेमच्या शास्त्रज्ञांनी ते शोधलं आणि नाव ठेवलं संस्कृत 'आनंद' या शब्दावरून. ते मध्यम वेगाने धावताना वाढलेलं आढळतं, म्हणजे दम लागतो पण एक वाक्य बोलता येतं अशा वेगाने. नव्याने धावणारा नेमका हा वेग चुकवतो. तो जीव खाऊन पळतो, त्याला पोटात कळ, नडगीत दुखणं एवढंच मिळतं आणि तो महिन्याच्या आत सोडतो. आनंद यायच्या आधीच माणूस घरी. म्हणून मी सांगते, पहिले दोन महिने एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला. शेजारचा पुढे गेला तर जाऊ दे.

कारण बदललं की धावणं वाचतं, याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण अविनाश साबळे. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा शेतकऱ्याचा मुलगा. बारावीनंतर सैन्यात गेला तो घर चालवायला. लष्करात असताना क्रॉसकंट्रीकडे वळला, मध्येच वजन वाढलं, ते उतरवलं आणि पुन्हा धावला. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य, 2023 ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. भरती झाल्यावर थांबला असता तर आज त्याचं नाव त्याच्या पलटणीबाहेर कुणाला माहीत नसतं.

डॉक्टर म्हणून दुसऱ्या बाजूचं एक नावही घ्यायला हवं. जिम फिक्स या अमेरिकन लेखकाच्या वडिलांना पस्तिशीत हृदयविकाराचा झटका आला होता आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले. फिक्स स्वतः पस्तिशीला पोहोचला तेव्हा वजनदार होता, सिगारेटी ओढायचा. त्याने सिगारेट सोडली आणि धावायला लागला. 1977 मध्ये धावण्यावर त्याने लिहिलेलं पुस्तक प्रचंड खपलं. 1984 मध्ये धावायला गेला असताना तो कोसळला. वय 52. शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्या चोंदलेल्या आढळल्या. "बघा, धावूनही मेला" असं म्हणणारे तेव्हाही होते. मला वाटतं, वडिलांच्या वयापेक्षा नऊ वर्षं त्याला जास्त मिळाली. चूक झाली ती वेगळीच. ज्या भीतीने तो धावत होता, ती भीती तपासून घ्यायला तो गेला नाही. आपल्याकडे हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा लवकर गाठतो. तेव्हा चाळिशी उलटली असेल, बीपी-शुगर असेल, तंबाखू-सिगारेट असेल, किंवा वडील-भावाला पंचावन्नच्या आत, आई-बहिणीला पासष्टच्या आत त्रास झाला असेल, तर आधी बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, ईसीजी करा. धावताना छातीत दाब आला, जबडा किंवा डावा हात भरून आला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा. गॅस असेल म्हणून घरी जाऊन ओवा खाऊ नका. (गुडघे झिजतात का, असं प्रत्येक जण विचारतो. बेताने, हौसेने धावणाऱ्यांचे गुडघे बसून राहणाऱ्यांपेक्षा जास्त झिजल्याचं आढळलेलं नाही. आधीच दुखत असतील तर दाखवून घ्या.)

उमरठला दुपारी तो मागे धावणारा माणूस आमच्या टेबलापाशी आला. बीपीच्या गोळ्या दुसरीकडून चालू होत्या. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. चार भरत्या दिल्या होत्या. शेवटची एका गुणाने गेली. वय संपलं त्या दिवशी बूट धाकट्या भावाला दिले. आता पिकअप चालवतो. गेल्या पावसाळ्यात चक्कर आली, बीपी सापडलं, तेव्हा पुन्हा धावावंसं वाटलं. पण गावात धावायची लाज वाटायची.

"लोक म्हणायचे, याची अजून भरती राहिलीय व्हय? मग पोरांना बोललो, तुमचं टायमिंग मी घेतो. आता कोण काय बोलत नाय."

"ईसीजी काढलाय का?"

"नाय."

चिठ्ठी लिहून दिली, रिपोर्ट येईपर्यंत फक्त चालायचं म्हणून बजावलं. तंबाखूचं विचारलं, तो हसला आणि उत्तर टाळलं.

"पोरांचं ठीक आहे, तुझं स्वतःचं टायमिंग किती?"

"ते नाय बघत, मॅडम."

आठ दिवसांनी तो ईसीजी घेऊन दवाखान्यात आला. ईसीजी ठीक होता. बीपी 138/86. गोळी चालू ठेव, हळू धाव, तंबाखू सोड, असं सांगितलं. पहिल्या दोन गोष्टींना त्याने मान हलवली. सोबत त्या दोन मुलींपैकी एक होती. पहाटे रिकाम्या पोटी धावताना तिला चक्कर यायची. हिमोग्लोबिन नऊ निघालं. तिची आठशे मीटरची चाचणी जवळ आली होती, म्हणून मी लोहाच्या गोळ्या लिहिल्या आणि त्या चहासोबत घ्यायच्या नाहीत हे तिला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगत होते तेव्हा तो कागदावर लिहून घेत होता.