दोन मॉनिटर, छोटा कॅबिनेट आणि रात्रीची घरघर : ग्राफिक्स कार्ड शांत कसं करायचं?

आज फोनबद्दल नाही, टेबलावरच्या कम्प्युटरबद्दल बोलूया. पण फोन हातात असू द्या, मध्ये एकदा लागणार आहे.

मी घरूनच काम करतो आणि माझे कॉल बहुतेक रात्री असतात. टेबल हॉलमध्ये आहे आणि त्याच हॉलमध्ये आजी झोपते. जागा कमी म्हणून मी मुद्दाम साधारण १४ लिटरचा छोटा मिनी-आयटीएक्स कॅबिनेट घेतला, त्यात १७० वॉटचं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि दोन मॉनिटर जोडले. दिसायला एकदम भारी! पण रात्री दर दोन-तीन मिनिटांनी कार्डचे फॅन सुरू व्हायचे, थोडा वेळ घरघर करायचे आणि बंद पडायचे. परत सुरू. शेवटी आजी म्हणाली, "अरे, त्या डब्यात पिठाची गिरणी बसवलीयेस का? डोळा लागतो तोच सुरू होते."

गंमत म्हणजे तेव्हा गेम वगैरे काहीच चालू नसायचा. एका स्क्रीनवर कोड, दुसरीवर चॅट, बस्स. दुकानदाराने सल्ला दिला, "लहान डब्यात हे असंच होणार, मोठा कॅबिनेट घ्या." म्हणजे सहा-सात हजारांचा खर्च. तो करण्याआधी म्हटलं, एकदा नीट मोजून तर बघू.

आवाजाचं मूळ फॅन नाही, वॉट आहे

कार्ड जेवढी वीज खातं, ती जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ३५ वॉट खाल्ले तर ३५ वॉटची उष्णता त्या डब्यातून बाहेर काढावी लागणार. फॅन हे काम करणारा हमाल आहे. ओझं तेवढंच ठेवून हमालाला "हळू चाल" म्हटलं तर कार्ड तापेल. आधी ओझं कमी करायला हवं.

म्हणून पहिली पायरी मोजमापाची. एचडब्ल्यूइन्फो किंवा आफ्टरबर्नर यापैकी एक फुकट सॉफ्टवेअर घ्या. सगळे प्रोग्राम बंद करून पाच मिनिटं थांबा आणि तीन आकडे लिहून ठेवा : कार्डचं तापमान, कार्डची वीज आणि मेमरी क्लॉक. आता फोन काढा. डेसिबल मोजणारं ॲप टाका आणि तुम्ही बसता त्या जागेवरून आवाज मोजा. फोनचा आकडा अगदी अचूक नसतो, पण त्याच जागेवरून आधीचा आणि नंतरचा फरक कळायला पुरतो.

माझे आकडे : तापमान ५७ अंश, वीज ३४ वॉट आणि मेमरी क्लॉक पूर्ण वेगावर. काहीही काम नसताना! तिथेच चोर सापडला.

दोन मॉनिटर आणि न जुळणारी फट

फोनमध्ये ६० हर्ट्झ, १२० हर्ट्झ असं सेटिंग तुम्ही बघितलं असेल. स्क्रीन सेकंदाला किती वेळा नव्याने रंगवली जाते, त्याचा हा आकडा. ६० हर्ट्झला दर १६.७ मिलिसेकंदांनी एक चित्र, १४४ हर्ट्झला दर ६.९ मिलिसेकंदांनी.

ही चित्रं कार्डच्या मेमरीतून सतत वाचली जातात. काम नसेल तेव्हा वीज वाचवण्यासाठी कार्डला मेमरीचा वेग कमी करायचा असतो. पण वेग बदलताना मेमरी क्षणभर थांबते. तेवढ्यात स्क्रीनला डेटा मिळाला नाही तर चित्र लुकलुकतं. म्हणून हा बदल दोन चित्रांच्या मधल्या बारीक फटीत उरकतात. ही फट एक मिलिसेकंदापेक्षाही कमी असते.

एक मॉनिटर असेल तर काही अडचण नाही. पण माझा एक मॉनिटर १४४ हर्ट्झवर होता आणि दुसरा ७५ वर. दोघांच्या फटी एकाच वेळी येणं अवघड. मग ड्रायव्हर सुरक्षित मार्ग धरतो : मेमरी कायम पूर्ण वेगात ठेवतो. सिग्नलला थांबलेल्या बाईकचा ॲक्सिलरेटर पिळून धरल्यासारखंच हे. गाडी जागची हलत नाही, पण पेट्रोल जळतंय.

त्यात बऱ्याच कार्डांचे फॅन ठरावीक तापमानापर्यंत पूर्ण बंद असतात. माझं कार्ड नेमकं त्या सीमेवर घुटमळत होतं. सीमा ओलांडली की फॅन सुरू, जरा गार झालं की बंद. एकसारख्या आवाजाची कानाला सवय होते, या चालू-बंदची होत नाही.

पैसे न लागणारे उपाय

१. रिफ्रेश रेट जुळवा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं जा. दोन्ही मॉनिटर ६० हर्ट्झवर ठेवा आणि मेमरी क्लॉक खाली येतो का ते बघा. माझे दोन्ही मॉनिटर फुल एचडी आहेत, त्यामुळे लगेच जमलं : ३४ चे १३ वॉट, ५७ चे ४४ अंश आणि फॅन पूर्ण बंद. गेम खेळताना १४४ परत लावतो, तेव्हा कार्ड तसंही जोरात चालणारच असतं. कोणती जोडी चालेल हे कार्ड आणि ड्रायव्हरवर अवलंबून असतं, त्यामुळे दोन-तीन पर्याय करून बघा.

२. दुसरा मॉनिटर मदरबोर्डला जोडा. रेट जुळत नसतील आणि प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल, तर चॅट-ईमेलवाली स्क्रीन मदरबोर्डच्या पोर्टला लावा. कधीकधी बायॉसमध्ये ते आधी चालू करावं लागतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो त्यात ही सोय नसते.

३. पॉवर लिमिट कमी करा. हा उपाय गेमच्या वेळच्या आवाजासाठी. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट १०० वरून ७५ टक्क्यांवर आणलं. १७० चे साधारण १२८ वॉट झाले. मी खेळतो त्या गेममध्ये सेकंदाला ९२ फ्रेमच्या ८७ झाल्या, पण तापमान ८१ वरून ७२ वर आलं. शेवटचे थोडेसे फ्रेम काढण्यासाठी कार्ड व्होल्टेज वाढवतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून थोडा वेग सोडला की बरीच वीज वाचते. अंडरव्होल्टिंगही याच तत्त्वावर चालतं, पण ते हळूहळू आणि तपासत करायचं काम आहे. सुरुवात पॉवर लिमिटनेच करा.

४. फ्रेमला मर्यादा घाला. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर २०० फ्रेम बनवून उपयोग काय? ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये मर्यादा लावता येते.

५. फॅनचा नंबर शेवटी. ओझं कमी झाल्यावरच फॅन कर्व्हला हात लावा. आफ्टरबर्नरमध्ये 'हिस्टेरेसिस' नावाचं सेटिंग आहे. ते वाढवलं की एक-दोन अंशाने तापमान हललं म्हणून फॅन लगेच वेग बदलत नाही.

डब्याकडेही बघा

छोट्या कॅबिनेटमध्ये कार्डचा फॅन जाळीला अगदी खेटून असतो. ती जाळी भिंतीला किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात टेकवू नका, चार बोटं तरी जागा सोडा. दोन-तीन महिन्यांनी धूळ काढा. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट वेगाने फिरून खराब होऊ शकतो. आणि मे महिन्यात आकडे वाढले तर घाबरू नका. खोली दहा अंशांनी तापली की कार्डही जवळपास तेवढंच वर जातं.

विजेचा हिशोबही बघा. माझे २१ वॉट वाचले. दिवसाला बारा तास धरले तर महिन्याला साधारण साडेसात युनिट. बिलात फार मोठा फरक नाही, पण नवीन कॅबिनेटचे पैसे वाचले.

त्या रात्री दोन वाजता कॉल संपला तेव्हा हॉलमध्ये फक्त छताच्या पंख्याचा आवाज होता. सकाळी आजीने विचारलं, "काल काम नव्हतं का रे तुला?" मी म्हटलं, "होतं गं आजी, गिरणी बंद केलीये."

तुमचाही कम्प्युटर उगाच घरघरत असेल तर खर्च करण्याआधी मेमरी क्लॉकचा आकडा बघा. पाच मिनिटांचं काम आहे.