आधी रक्त, मग गोळी

सकाळी साडेसात. सोलापूरहून रात्रभर प्रवास करून आलेल्या ताई बाकावर बसल्यात. मुलाची सकाळची गोळी पर्समध्येच आहे, अजून दिलेली नाही. सिरोलिमसची रक्तातली पातळी पुढच्या डोसच्या आधी, म्हणजे ती सगळ्यात खाली असताना मोजायची. गोळी आधी पोटात गेली तर आकडा फसवा येतो. सिस्टर जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतात. रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्यांच्या गाठींसाठीच्या मुंबईतल्या आमच्या ओपीडीचा दिवस इथून सुरू होतो.

साडेनऊ. तान्ह्या बाळांची रांग. जी लालबुंद गाठ पहिल्या काही महिन्यांत भराभर वाढते आणि पुढे ओसरते, ती हिमँजिओमा. तिच्यावर प्रोप्रॅनोलॉल चालतं, हे २००८ मध्ये बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवलं. रक्तवाहिन्यांची किंवा लसिकावाहिन्यांची सदोष रचना मात्र जन्मतःच असते, मुलाबरोबर वाढते आणि तिच्यावर ते चालत नाही. अशाच एका मुलीला दुसरीकडे कितीतरी महिने प्रोप्रॅनोलॉल दिलं गेलं. फार वाईट वाटतं.

अकरा. चार वर्षांचा मुलगा, मानेवर लसिकावाहिन्यांची मोठी गाठ. आजी केस पेपर पुढे करत म्हणतात, "सुनेनं ग्रहण पाळलं नाही, मॅडम." सून मान खाली घालून उभी. बाहेर कितीही गर्दी असो, इथे मी घाई करत नाही. गर्भ घडत असताना एखाद्या पेशीच्या जनुकात बदल होतो, अशा गाठींत बहुधा पीआयके३सीए या जनुकात, आणि त्या पेशीपासून झालेला तेवढाच भाग वेडावाकडा वाढतो. तो बदल आईकडून आलेला नसतो, बापाकडूनही नाही. ग्रहणाचा त्याच्याशी काहीएक संबंध नाही. रक्तात तो सहसा सापडत नाही, गाठीचाच तुकडा तपासावा लागतो. हे मी आजींकडे बघून सांगते, सुनेला ऐकू जाईल असं.

मग औषध. वाढीचा निरोप एमटॉर या प्रथिनामार्फत पुढे जातो, सिरोलिमस तो तिथे अडवतं. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून ते मिळालं. त्यावर काम करणारी मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा तिथले शास्त्रज्ञ सुरेन सेहगल यांनी ते जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये जपले. या औषधाने गाठ आक्रसते, दुखणं आणि पाझरणं कमी होतं. औषध थांबवल्यावर पुष्कळदा परत वाढते. हेही आजच सांगायचं.

दुपारी दोन. रेडिओलॉजी आणि सर्जरीवाल्यांबरोबर एमआरआय बघणं. एका मुलीचा एकच पाय जास्त वाढतोय, तिच्यासाठी अल्पेलिसिबचा विचार. मूळचं स्तनाच्या कर्करोगाचं औषध. पॅरिसच्या नेकेर रुग्णालयातल्या गियोम कॅनो यांनी २०१८ मध्ये १९ रुग्णांवरचा अनुभव मांडला. अमेरिकेत २०२२ पासून अशा वाढीसाठी दोन वर्षांवरील मुलांना मंजूर. साखर चढते, वाढीवर लक्ष ठेवावं लागतं, आणि किंमत बहुतेक घरांना झेपणारी नाही.

पाच. सोलापूरच्या मुलाची पातळी २२. आम्हाला १५ च्या आत हवी. ताईंना फोन लावला. तोंड आलंय, खोकल्यासाठी तिथल्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन दिलंय. "दोन दिवस सिरोलिमस थांबवा, परवा पुन्हा रक्त." मग त्या डॉक्टरांशीच बोलले. त्यांनी न कुरकुरता यादी लिहून घेतली: क्लॅरिथ्रोमायसिन नको, त्यानं पातळी चढते, फ्लुकोनॅझोल विचारल्याशिवाय नको, रिफॅम्पिसिनही नको, त्यानं पातळी उलट घसरते. ताप आला तर त्याच दिवशी आम्हाला फोन.