लढाईचे दोन हंगाम आणि प्रा. देवधरांचा संघ



आपल्या मुळशी तालुक्यात, लवळ्याच्या टेकडीवर आता विद्यापीठे झाली आहेत. उन्हे उतरली की तिथली कॉलेजची मुले मैदानावर येतात. कुणी बास्केटबॉल खेळतो, कुणी क्रिकेट. आता समजा, उद्या सकाळी रेडिओवर लढाई सुरू झाल्याची बातमी आली, तर त्या मुलांनी संध्याकाळी मैदानावर यावे की न यावे? हा प्रश्न मी उगाच काढलेला नाही. एके काळी तो खरोखरच पडला होता. परदेशातही पडला आणि आपल्या पुण्यातही पडला.

परदेशातली गोष्ट थोडक्यात सांगतो. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाचा बास्केटबॉलचा एक नामांकित संघ होता. १९४२-४३ च्या हंगामात तो अठरा सामने खेळला आणि त्यातला एकच हरला. १९४३ च्या मार्चमध्ये मुख्य पाच खेळाडूंपैकी तिघांना फौजेचे बोलावणे आले. मोठी स्पर्धा तोंडावर आलेली, पण संघाने तिच्यात उतरायचेच नाही असे ठरवले. इंग्लंडात तर १९४० पासून लढाई संपेपर्यंत काउंटी क्रिकेटच्या स्पर्धा बंद राहिल्या. लंडनचे ओव्हल मैदान शत्रूच्या कैद्यांसाठी छावणी म्हणून तयार करून ठेवले होते.

आपल्याकडे मात्र काय झाले, बघा. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने हिंदुस्थानला लढाईत ओढले, आणि तेही इथल्या पुढाऱ्यांना न विचारता. तेव्हा मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ होते. इतर प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांबरोबर त्यानेही राजीनामा दिला. पुणे म्हणजे लष्कराचे ठाणे, तेव्हा लढाई काय असते हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको होते. आणि त्याच हिवाळ्यात महाराष्ट्राच्या क्रिकेट संघाने रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला!

या संघाचे कर्णधार होते दिनकर बळवंत देवधर. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृतचे प्राध्यापक होते. जन्म १४ जानेवारी १८९२ चा. म्हणजे लढाई सुरू झाली तेव्हा वय सत्तेचाळीस. या वयात आपल्याकडे माणूस नातवंडांच्या गोष्टी करू लागतो. १९२६ साली इंग्लंडचा एम. सी. सी. संघ मुंबईला आला होता, तेव्हा देवधरांनी त्याच्याविरुद्ध १४८ धावा काढल्या होत्या. पण १९३२ मध्ये हिंदुस्थानचा संघ पहिला कसोटी सामना खेळायला विलायतेला निघाला, तेव्हा चाळिशीचा माणूस कशाला न्यायचा, म्हणून त्यांना वगळले. चाळिशीला म्हातारा ठरवलेल्या या गृहस्थाने पुढे काय केले, तेच आज सांगायचे आहे.

रणजी करंडकाचे सामने १९३४-३५ साली सुरू झाले. तेव्हाची रीत अशी होती की एकदा हरलात की घरी. त्यामुळे एका वाईट दिवसाने सबंध वर्ष वाया जाई. १९३९-४० मध्ये पुण्यात बडोद्याशी सामना झाला. त्यात विजय हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी सामन्यांतले हे पहिले त्रिशतक. हजारे सांगलीचे, एका शाळामास्तरांचे चिरंजीव. (गुरुजींनो, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा.) त्यांना साथ दिली ती नगरवाला यांनी. गडी मूळचा गोलंदाज, पण नवव्या जोडीसाठी दोघांनी मिळून २४५ धावा जोडल्या. नगरवाला ९८ वर बाद झाले. दोन धावांनी शतक हुकल्याची हळहळ आजही वाटते. पुढे अंतिम सामना संयुक्त प्रांताशी झाला, तोही पुण्यातच. महाराष्ट्राने तो दहा गडी राखून जिंकला.

दुसरा हंगाम १९४०-४१ चा. या वर्षीच्या मुंबईविरुद्धच्या सामन्याची गोष्ट जरा सावकाश सांगितली पाहिजे. सामना पुण्यात झाला. महाराष्ट्राने पहिल्या डावात ६७५ धावा केल्या. त्यांतल्या २४६ एकट्या देवधरांच्या, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी! आता तुम्ही म्हणाल, एवढ्या धावा झाल्यावर सामना खिशातच. पण मुंबई म्हणजे मुंबई. खंडू रांगणेकरांनी २०२ धावा केल्या आणि मुंबईचा डाव ६५० पर्यंत आला.

इथे खेळाचा एक नियम समजावून घ्यायला हवा. दोन्ही संघांचे दोन-दोन डाव पुरे होऊन निकाल लागला तर प्रश्नच नाही. पण वेळ संपली आणि निकाल लागला नाही, तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त, तो संघ पुढे जातो. म्हणजे साडेसहाशे धावांच्या त्या ढिगाऱ्यात महाराष्ट्राच्या पदरात पडल्या त्या अवघ्या पंचवीस धावा, आणि त्यांच्यावरच पुढचे सगळे अवलंबून होते. आधी अडीचशेच्या घरात धावा काढायच्या, मग मुंबईच्या साडेसहाशे धावा होईपर्यंत उन्हात क्षेत्ररक्षणाला उभे राहायचे, गोलंदाज बदलायचे, पोरांना धीर द्यायचा, ही सगळी कामे या प्राध्यापकांनी केली. मला विचाराल, तर २४६ धावांपेक्षा हे उभे राहणेच मला मोठे वाटते.

त्याच हंगामात बाविशीतल्या रंगा सोहोनींनी ६५५ धावा केल्या. त्यांतल्या नाबाद २१८ पश्चिम भारताच्या संघाविरुद्ध होत्या. अंतिम सामना मद्रासला झाला. महाराष्ट्राने मद्रासच्या संघाला त्याच्याच घरी सहा गडी राखून हरवले. सलग दोन वर्षे करंडक पुण्याला आला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या दोन्ही वर्षांत देश काही स्वस्थ बसलेला नव्हता. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाला सुरुवात केली आणि पाठोपाठ शेकडो माणसे तुरुंगात गेली. मुंबईला दर वर्षी पंचरंगी सामने होत. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि बाकीचे अशा पाच संघांचे हे सामने. त्यांना गर्दी लोटे. तळ्यारखान यांचे धावते वर्णन रेडिओवर ऐकायला लोक जिवाचा कान करीत. हे गृहस्थ दिवसभर एकटेच बोलत! १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गांधीजींकडे गेली आणि त्यांनी विचारले, यंदा खेळावे की नाही?

गांधीजींनी आपला कौल सामने बंद ठेवण्याच्या बाजूने दिला. जगात एवढा संहार चालला असताना ही करमणूक शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. कॉलेजाकॉलेजांत, संस्थासंस्थांत सामने व्हावेत हे आपल्याला समजते, पण हिंदूंचा संघ, मुसलमानांचा संघ हे कशासाठी, ते कधीच उमगले नाही, असेही त्यांनी सांगितले.

गांधीजी खेळाच्याच विरुद्ध होते असे पुष्कळ लोक या प्रसंगावरून सांगतात. मला ते पटत नाही. त्यांच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक दुखवट्याची आणि दुसरी धर्मावरून संघ पाडण्याची. दुखवट्याचा मुद्दा रणजीच्या सामन्यांनाही लागू पडत होता, हे कबूल केले पाहिजे. ते सामने थांबले नाहीत, म्हणून तेव्हा नावे ठेवणाऱ्यांना अगदीच खोटे म्हणता येणार नाही. पण दुसरा मुद्दा रणजीला लागू नव्हता. महाराष्ट्राच्या संघात हजारे ख्रिस्ती, नगरवाला पारशी, देवधर-सोहोनी ब्राह्मण. नवव्या जोडीच्या त्या २४५ धावा एका ख्रिस्त्याने आणि एका पारशाने महाराष्ट्रासाठी काढल्या होत्या. पंचरंगी सामन्यांत हेच दोघे एकमेकांविरुद्धच्या संघांत पडले असते.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये तर गांधीजींना मुंबईत पकडून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्येच आणून ठेवले. कॉलेजांतली मुले वर्ग सोडून बाहेर पडली. त्या वर्षी पंचरंगी सामने झाले नाहीत. रणजीचे मात्र झाले, आणि करंडक बडोद्याने जिंकला. बडोद्याकडून खेळत होते आपले विजय हजारे. १९४१ पासून ते तिकडे गेले होते.

महाराष्ट्राचे दिवस मात्र फिरले. १९४३-४४ मध्ये मुंबईने पंचवीस धावांचे उट्टे काढले. विजय मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा केल्या आणि मुंबईची धावसंख्या ७३५ झाली. लढाईमुळे काही गोरे खेळाडूही इकडे आले. डेनिस कॉम्प्टन फौजेच्या नोकरीत महूला होते. १९४५ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाकडून त्यांनी नाबाद २४९ धावा केल्या, तरी मुंबईच जिंकली. महाराष्ट्र पुढे १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत गेला, पण तिन्ही वेळा हरला.

देवधर मात्र थकले नव्हते. १९४४ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्ध त्यांनी एकाच सामन्यात दोन शतके केली, १०५ आणि १४१. त्याच दशकात त्यांच्या तिन्ही मुली, तारा, सुंदर आणि सुमन, बॅडमिंटनमध्ये देशात अजिंक्य ठरल्या. १९४६ मध्ये देवधरांनी बॅट खाली ठेवली. १९७३-७४ पासून त्यांच्या नावाने देवधर करंडकाचे सामने सुरू झाले, तेव्हा ते ऐंशी ओलांडून गेले होते. २४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यात ते वारले, तेव्हा त्यांचे वय एकशे एक होते.