जंगल राखणारी आग

वणवा म्हटला की अंगावर काटा येतो. उन्हाळ्यात डोंगर पेटला की रात्री लाल ओळ वर वर सरकताना दिसते. सकाळी पाहावे तर गवत नाही, घरटी नाहीत, नुसती काळी राख! मग जंगलाची राखण करणारी माणसेच जर पेटते टेंभे घेऊन जंगलात शिरली तर? आपण म्हणू, यांना वेड लागले की काय! पण असे खरोखर घडते.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात सिक्वोया राष्ट्रीय उद्यान आहे. ते 1890 साली स्थापन झाले. येथे सिक्वोया नावाची राक्षसी झाडे आहेत. त्यांतले ‘जनरल शर्मन’ हे झाड सुमारे 84 मीटर उंच असून त्याचे वय 2000 वर्षांहून जास्त आहे.

अशी मोलाची झाडे जळू नयेत म्हणून येथे लागलेली प्रत्येक आग लगेच विझवीत. कित्येक वर्षे असे चालले. पण गंमत पाहा, म्हाताऱ्या झाडांखाली नवी रोपे काही दिसेनात!

असे का झाले? सिक्वोयाची बोंडे कोंबडीच्या अंड्याएवढी असतात. ती हिरवी नि बंद अशी वीस-वीस वर्षे झाडावर राहतात. खाली आग लागली की गरम हवेने ती सुकतात, उघडतात आणि बी खाली पडते. हे बी फार बारीक. जाड पालापाचोळ्यावर पडले तर त्याचे मूळ मातीपर्यंत पोचत नाही. रोपाला ऊनही लागते. आग पाचोळा जाळते, माती मोकळी करते, दाट झुडपे हटवून ऊन आत आणते. मोठ्या झाडाची साल मात्र 60 सेंटिमीटरपर्यंत जाड असते, म्हणून लहान आगीने त्याचे काही बिघडत नाही.

शेजारच्या किंग्ज कॅन्यन उद्यानात 1964 साली शास्त्रज्ञ हार्टस्वेल्ट यांनी लहान आगी लावून याचा अभ्यास केला. 1968 पासून या उद्यानांत ठरवून आग लावण्याचे काम सुरू झाले.

ही आग वाटेल तेव्हा लावत नाहीत. आधी वारा, ऊन आणि पाचोळ्याचा ओलावा पाहतात. भोवतीचा पट्टा खरवडून साफ करतात. पाणी नि माणसे तयार ठेवतात. उतारावर आग वरच्या बाजूने लावतात, म्हणजे ती खाली हळूहळू येते. खालून लावली तर ती वर धावत सुटते. शेवटचा निखारा विझेपर्यंत पहारा असतो.

जेथे पाचोळा साठून राहिला होता तेथे काय झाले? 2020 व 2021 सालच्या भयंकर वणव्यांत जगातील मोठ्या सिक्वोयांपैकी अंदाजे 13 ते 19 टक्के झाडे गेली. जनरल शर्मनच्या राईत मात्र पूर्वीपासून अशी आग लावलेली होती. 2021 साली वणवा तेथे पोचला, पण त्याचा जोर कमी पडला. जनरल शर्मन वाचला!

आपल्याकडेही वनखाते उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढते. म्हणजे गवताचा एक पट्टा आधीच जाळून साफ करते. वणवा आला की त्याला तेथे खायला काही मिळत नाही आणि तो थांबतो.

पण मित्रांनो, हे वाचून कोणी काडेपेटी घेऊन डोंगरावर जाऊ नका हं! पालकहो, आपणांसही हात जोडून सांगणे आहे. ‘डोंगर जाळला की गवत चांगले येते’ असे पुष्कळ जण म्हणतात. पण आपले जंगल म्हणजे सिक्वोयाचे जंगल नव्हे. येथली लहान रोपे आणि जमिनीवरची घरटी त्यात जळून जातात. उघडी पडलेली माती पहिल्या पावसात ओढ्याला जाते. आग केव्हा, कुठे आणि किती लावायची हे ठरवणे जाणत्या माणसांचे काम आहे. आपले काम एकच. डोंगरावर धूर दिसला की लगेच गावात आणि वनरक्षकाला कळवायचे.

चुलीतली आग भाकरी भाजते, तीच छपरावर गेली तर घर जाळते. खरे ना?