ज्या गाण्याला चेहरा नको होता

गाणे गाजले की त्याचा व्हिडिओ निघणारच, हे आता आपण गृहीत धरतो. १९९२ च्या अमेरिकेत तर रेकॉर्ड कंपन्यांचा सारा हिशेब एम टीव्हीवर चाले. पडद्यावर गाणे वारंवार दिसले, की कॅसेट खपलीच! त्याच दिवसांत सिॲटलच्या ‘पर्ल जॅम’ या रॉक मंडळीने ‘ब्लॅक’ या गाण्याचा व्हिडिओ काढायला साफ नकार दिला.

गाणे १९९१ च्या ‘टेन’ या अल्बममधले. संगीत गिटारवादक स्टोन गोसार्डचे, शब्द गायक एडी व्हेडरचे. विषय जुनाच, दुरावलेल्या प्रेमाचा. पण संथपणे सुरू झालेले हे गाणे शेवटी शब्द सोडून नुसत्या सुरांवर जाते आणि ऐकणारा गप्प होतो. ‘एपिक’ कंपनीने वेगळी रेकॉर्ड आणि व्हिडिओ काढण्याचा आग्रह धरला. हे गाणे फार खासगी आहे, बाजाराच्या रेट्यात ते चिरडले जाईल, असे व्हेडरचे म्हणणे होते.

हा नुसता कलावंताचा हट्ट होता का? त्याच वर्षीचा ‘जेरेमी’ या गाण्याचा व्हिडिओ पाहिला, तर तसे वाटत नाही. वर्गासमोर स्वतःचा जीव घेणाऱ्या एकाकी मुलाची ती कथा. प्रक्षेपणासाठी पिस्तुलाचे नेमके दृश्य कापले गेले, उरली रक्त उडालेली, थिजलेली मुले. जेरेमीने वर्गमित्रांनाच मारले, असा अनेकांचा समज झाला. चित्राने गाण्याचा अर्थच उलटा केला! आणि १९९३ मध्ये त्याच व्हिडिओला एम टीव्हीचे चार पुरस्कार मिळाले, वर्षातील सर्वोत्कृष्ट व्हिडिओचाही.

‘ब्लॅक’ लोकांनी अजिबात पाहिलेच नाही, असे मात्र नाही. मार्च १९९२ मध्ये एम टीव्हीच्या ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमात ते सादर झाले होते. स्टुलावर बसलेला गायक, साधी वाद्ये, कथानक नाही की नटनट्या नाहीत. खरे तर तेवढे पुरेसे होते.

व्हिडिओ नसतानाही रेडिओच्या बळावर ‘ब्लॅक’ने ‘बिलबोर्ड’च्या रॉक गाण्यांच्या यादीत तिसरा क्रमांक गाठला. अर्थात ‘टेन’ जोरात खपत होता, म्हणून हा नकार परवडला. नवख्या गायकाला ही चैन कुठली? पण ऑक्टोबर १९९३ मध्ये त्यांचा ‘व्हर्सेस’ हा दुसरा अल्बम एकाही व्हिडिओशिवाय आला आणि अमेरिकेत पहिल्या पाच दिवसांत सुमारे साडेनऊ लाख प्रती खपल्या. तेव्हाचा तो विक्रम होता.

पुढे १९९८ मध्ये ‘डू द इव्होल्यूशन’साठी या मंडळींनी पुन्हा व्हिडिओ काढला, तोही कार्टूनपटाच्या धर्तीचा. त्यात ती स्वतः कुठेच दिसत नाहीत.